पर्यावरण जपायचंय? मग आधी घर मोजा

पर्यावरणावर शाळेत चित्रं काढून झालेली असतात, घोषणा पाठ असतात, ५ जूनला रोपासोबत फोटोही निघालेला असतो. तरी घरी आल्यावर नेमकं काय करायचं, हे ना मुलांना ठाऊक असतं ना आईबाबांना. मग कुणीतरी सांगितलं म्हणून दात घासताना नळ बंद, कुठेतरी वाचलं म्हणून चार्जर काढून ठेवायचा, असं सुटंसुटं काहीतरी सुरू होतं आणि महिन्याभरात विसरलंही जातं.

याला आळस म्हणणं अन्यायाचं आहे. कशानं किती फरक पडतो हे माहीत नसलं की सगळ्या गोष्टी सारख्याच महत्त्वाच्या वाटतात आणि सारख्याच कंटाळवाण्याही. मोबाइलचा चार्जर आणि पाणी तापवायचा हीटर एकाच यादीत शेजारी शेजारी बसतात. वीज खाण्यात मात्र दोघांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. म्हणून हा लेख मोजण्यापासून सुरू होतो. मोजायला मुलांना आवडतं, जमतंही. आणि आकडा मुलानं स्वतः काढलेला असला की मोठ्यांना सबबी सांगायला जागा राहत नाही.

पहिला आठवडा: काहीही बदलू नका

सामान फार लागत नाही. एक वही, एक वजनकाटा, मिलिलिटरच्या खुणा असलेलं मापाचं भांडं आणि घड्याळ. या आठवड्यात कुणी कुणाला ‘दिवा बंद कर’ म्हणायचं नाही. घर नेहमी जसं चालतं तसं चालू द्यायचं आणि फक्त नोंद करायची.

नोंदवायच्या गोष्टी चारच ठेवा. रोज ठरलेल्या वेळी विजेच्या मीटरवरचा आकडा. रोज बाहेर जाणाऱ्या कचऱ्याचं वजन, ओला वेगळा आणि सुका वेगळा. ताटात उरलेलं आणि फ्रिजमधून काढून फेकलेलं अन्न, तेही तोलून. आणि घरातला कुठला नळ, कुठली टाकी गळते का, याची एकदाच तपासणी.

कामं वाटून द्या. लिहिता-वाचता येणाऱ्या मुलाकडे मीटर आणि वही. त्याहून लहान असेल तर तो नळांचा पहारेकरी. खोलीखोलीत जाऊन थेंब पडतो का ते बघायचं आणि येऊन सांगायचं. कचरा तोलायचं काम मोठ्यांनी करावं, मुलांनी आकडा लिहून घ्यावा. किशोरवयीन मुलांना या वहीत रस वाटत नसेल तर त्यांच्याकडे थेट हिशेब आणि आलेख सोपवा. ‘बाळांचं काम’ वाटलं की ती अंग काढून घेतात, आणि त्यात त्यांची काही चूक नाही.

आठवड्याच्या शेवटी वही उघडून एकच प्रश्न विचारायचा: सर्वांत मोठा आकडा कुठला? सुरुवात तिथूनच. बहुतेक घरांत तो स्वयंपाकघरात सापडतो.

अन्न: कचऱ्यात जायच्या आधीच अडवायचं

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अहवालानुसार २०२२ साली जगभरात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं. यात सालं, बिया, हाडं असे न खाण्याजोगे भागही धरलेले आहेत. यातलं ६० टक्के हॉटेलांतून किंवा दुकानांतून आलेलं नाही. ते घराघरांतून आलं. हा आकडा मुलांना सांगून अपराधी वाटायला लावायचं नाही. उलट घरात काहीतरी करून खरोखर फरक पडेल अशी ही जागा आहे, एवढंच त्यातून घ्यायचं.

अन्न वाया जातं तेव्हा ते पिकवायला लागलेलं पाणी, खत, इंधन आणि जमीनही वाया जाते. शिवाय ते कचऱ्याच्या ढिगाखाली हवेशिवाय कुजलं की त्यातून मिथेन निघतो. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन त्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २८ पट जास्त उष्णता धरून ठेवतो.

आता कृती. फ्रिजमध्ये डोळ्यांसमोरचा एक कप्पा ‘आधी हे संपवा’ म्हणून राखून ठेवा. त्यावर चिठ्ठी चिकटवायचं काम मुलांचं. जे उद्यापर्यंतच टिकेल ते तिथे. रोजचा स्वयंपाक ठरवताना आधी त्या कप्प्याकडे बघायचं, मग बाकीचं. एवढ्या एका सवयीनं बऱ्याच घरांचा फेकण्याचा आकडा खाली येतो, कारण अन्न सहसा खराब होतं ते मागच्या कोपऱ्यात विसरलं गेल्यामुळे. फ्रिजचं तापमान ५ अंश सेल्सिअसच्या वर जात नाही ना, हेही साध्या थर्मामीटरनं तपासा.

केळी, सफरचंद, टोमॅटो यांच्यातून इथिलीन नावाचा वायू बाहेर पडतो आणि शेजारची पालेभाजी लवकर पिवळी पडते. त्यांना वेगळं ठेवा. हा प्रयोग मुलांना करून बघू द्या: सारख्या ताज्या दोन जुड्या, एक पिकत्या केळ्यांजवळ झाकून, दुसरी लांब. निकालासाठी थोडे दिवस थांबायचं, आणि मग दोन्ही पोटात घालायच्या.

पाकिटावरच्या तारखा वाचायला शिकवा. ‘बेस्ट बिफोर’ ही चवीची आणि दर्जाची तारीख असते. ती उलटली म्हणजे पदार्थ विषारी झाला असं नाही. ‘युज बाय’ किंवा ‘एक्सपायरी’ मात्र सुरक्षिततेची असते, ती पाळायची. दोन्ही सरसकट एक मानून भरलेली पाकिटं फेकली जातात.

आणि ताटातलं. ‘सगळं संपवलंच पाहिजे’ असा दंडक घालू नका. पोट भरल्यावरही खायला लावणं ही काही पर्यावरणाची सेवा नाही. आधी थोडं वाढा, हवं तर पुन्हा घ्या. मुलांना स्वतःचं स्वतः वाढून घेऊ दिलं तर ती अंदाज शिकतात. सुरुवातीला चुकतात, मग जमतं.

ओल्या कचऱ्याचं खत

सालं, देठं, बिया तरीही उरणारच. त्यांचं खत करता येतं, आणि घरातल्या सगळ्या उपक्रमांत मुलांना सर्वांत जास्त शिकवणारा हाच आहे, असं माझं मत आहे. बहुतेक जण तो वास येऊ लागला म्हणून सोडतात. वास टाळता येतो, म्हणून इथे जरा सविस्तर सांगतो.

खत करणारे आपण नव्हे. जिवाणू, बुरशी आणि बारीक किडे ते काम करतात. त्यांना चार गोष्टी लागतात: ओला माल, सुका माल, हवा आणि ओलावा. ओल्या मालात नायट्रोजन जास्त असतो, सुक्या पानांत आणि पुठ्ठ्यात कार्बन. नायट्रोजनच्या २५ ते ३० पट कार्बन असा मेळ साधला की काम वेगानं होतं. घरी काही ते मोजत बसायचं नसतं. एक वाटी ओल्या कचऱ्यामागे दोन ते तीन वाट्या सुकी पानं, हे माप पुरतं.

झाकण असलेली जुनी बादली किंवा पिंप घ्या. तळाला आणि बाजूंना बोटाच्या पेराएवढ्या अंतरावर भोकं पाडा. हे काम मोठ्यांचं. खाली ताटली ठेवा. तळाशी सुक्या पानांचा चार बोटं जाड थर द्या. त्यावर रोजचा ओला कचरा, जमेल तितका बारीक चिरून. आणि प्रत्येक वेळी वरून पुन्हा सुकी पानं, फाडलेला पुठ्ठा किंवा लाकडाचा भुसा. ओला कचरा उघडा दिसता कामा नये. हा नियम पाळला तर फळमाश्याही येत नाहीत. जुनं खत किंवा बागेतली माती मूठभर मिसळली तर जिवाणूंना सुरुवात करून दिल्यासारखं होतं.

दर तीन-चार दिवसांनी काठीनं किंवा खुरप्यानं सगळं खालीवर करा म्हणजे हवा आत जाते. मूठभर माल दाबून बघा. एखाद-दुसरा थेंब आला तर ओलावा बरोबर आहे, धार लागली तर जास्त, आणि हात कोरडाच राहिला तर थोडं पाणी शिंपडा.

आता वासाचं. अमोनियासारखा नाकात झोंबणारा वास आला तर ओला माल जास्त झाला आहे, सुका घाला. सडक्या अंड्यासारखा वास आला तर हवा पोचत नाही, ढवळा आणि सुका माल मिसळा. व्यवस्थित चाललेल्या पिंपाला पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो. काहीच घडत नसेल तर बहुधा माल कोरडा आहे, किंवा तुकडे फार मोठे आहेत.

मांस, मासे, दूध-दुभतं, तेलकट उरलंसुरलं, कुत्र्या-मांजरांची विष्ठा यातलं काही घरच्या लहान पिंपात टाकू नका. वास, उंदीर आणि रोगजंतू, तिन्हींना आमंत्रण मिळतं. मोठ्या ढिगात आतलं तापमान ५५ अंशांच्या वर जातं आणि बरेचसे जंतू मरतात. बादलीएवढ्या पिंपात तेवढी उष्णता साठत नाही. म्हणूनच खताला हात लावल्यावर साबणानं हात धुवायचे, आणि दम्याचा त्रास असलेल्या मुलानं कोरडं, बुरशी धरलेलं खत ढवळायचं नाही.

साधारण दोन ते चार महिन्यांत तळाला काळपट, भुसभुशीत माल तयार होतो. कशाचं काय होतं ते ओळखता येईनासं झालं की खत झालं. दुसरं पिंप असेल तर पहिलं भरल्यावर ते मुरायला ठेवून दुसऱ्यात टाकायला लागा. मुलांना त्यात किडे दिसतील. घाबरवू नका, भिंग द्या.

जागाच नसेल, तर ओला कचरा निदान वेगळा ठेवून द्या. सुक्यात मिसळलेला ओला कचरा चांगल्या कागदाचं आणि पुठ्ठ्याचंही मातेरं करतो.

पाणी: थेंबाचा हिशेब

गळक्या नळाखाली मापाचं भांडं बरोबर दहा मिनिटं ठेवा. जमलेल्या पाण्याला १४४ नं गुणा. तेवढं पाणी एका दिवसात जातं. समजा २० मिलिलिटर जमलं, तर दिवसाला जवळपास २.९ लिटर आणि वर्षाला हजार लिटरच्या वर. हा गुणाकार मुलांनीच करावा. नंतर त्या नळाचा वॉशर बदलताना त्यांना शेजारी उभं करा. काही रुपड्यांचा रबरी तुकडा आणि एवढा मोठा आकडा, यांची गाठ डोक्यात पक्की बसते.

संडासाच्या टाकीची गळती दिसत नाही, ऐकूही येत नाही. टाकीत खाण्याच्या रंगाचे काही थेंब टाका आणि पंधरा-वीस मिनिटं कुणालाही फ्लश करू देऊ नका. भांड्यात रंग उतरला तर झडप गळते आहे. मुलांना हा प्रयोग फारच आवडतो, कारण कधी नव्हे ती संडासात रंग ओतायला परवानगी मिळते.

शॉवरही मोजा. खाली बादली ठेवून एक मिनिटात किती लिटर भरतं ते बघा आणि आंघोळीच्या मिनिटांनी गुणा. मग ठरवा मिनिटं कमी करायची की बादलीनं आंघोळ करायची. भाज्या, फळं, धान्य धुतलेलं पाणी झाडांना जाऊ शकतं. साबणाचं पाणी फरशीला किंवा फ्लशला. भांड्यातलं तेल मात्र कुठल्याच पाण्याबरोबर जाऊ देऊ नका. ते थंड पाइपात थिजून नळी तुंबवतं. कागदानं पुसून घ्या आणि मगच धुवा.

वीज: दिव्यापेक्षा गरम पाण्याकडे बघा

१००० वॅटचं उपकरण एक तास चाललं की एक युनिट. एवढं एकच सूत्र मुलांना येऊ द्या, बाकी सगळं त्यातून निघतं. उपकरणाच्या मागच्या पट्टीवर वॅट लिहिलेले असतात. चालू राहण्याचे तास अंदाजे धरा, गुणा आणि १००० नं भागा.

काही तयार हिशेब देतो. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ४० अंशांवर न्यायला पाव युनिटपेक्षा थोडी जास्त वीज लागते. ९ वॅटचा एलईडी दिवा तेवढ्याच विजेत सलग २८ तासांहून जास्त जळेल. मोबाइल एका युनिटमध्ये साधारण पन्नास वेळा पूर्ण चार्ज होतो. आता चार्जर सॉकेटमध्ये विसरला म्हणून मुलाला रागावायचं की गरम पाण्याच्या आंघोळीची दहा मिनिटं पाचावर आणायची, हे तुमचं तुम्ही ठरवा. तापवणं आणि थंड करणं ही विजेची सर्वांत मोठी कामं. पाण्याचा हीटर, एअर कंडिशनर, इस्त्री, ओव्हन यांच्याकडे आधी लक्ष द्या. कपडे गार पाण्यानं धुवा आणि दोरीवर वाळवा.

दिव्यांचं काम एकदाच करून मोकळं व्हायचं. ६० वॅटच्या जुन्या बल्बइतका उजेड ८-९ वॅटचा एलईडी देतो. तो लावला की विषय संपला. पंख्याचं मात्र मुलांना समजावून सांगा: पंखा खोली गार करत नाही, अंगावरचा घाम वाळवून आपल्याला गार वाटायला लावतो. खोलीत कुणी नसताना तो फिरत असेल तर निव्वळ मोटार तापते.

रात्रीचा एक शोध: घरातली सगळी उपकरणं त्यांच्या स्वतःच्या बटणानं बंद करा, फ्रिज सोडून. मग मीटरवरचा लुकलुकणारा लाल ठिपका बघा. किती वेळा लुकलुकलं की एक युनिट होतं हे बहुतेक मीटरवर छापलेलं असतं. फ्रिजचीही मोटार थांबलेली असताना ठिपका लुकलुकतच असेल तर कुणीतरी गुपचूप वीज खातं आहे. टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स, जुना म्युझिक सिस्टिम, प्रिंटर. एकेकाची पिन काढत गेलं की चोर सापडतो.

वस्तू आणि प्लास्टिक

पुनर्चक्रीकरणावर सगळ्यांचा फार विश्वास असतो. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगातल्या प्लास्टिक कचऱ्यापैकी जेमतेम ९ टक्क्यांचं पुनर्चक्रीकरण होतं. त्यामुळे क्रम असा ठेवा: आधी न घेणं, मग पुन्हा वापरणं, दुरुस्त करणं, आणि सगळ्यात शेवटी रद्दीत देणं.

प्लास्टिकच्या वस्तूच्या तळाशी त्रिकोणात १ ते ७ पैकी एक अंक असतो. ही पद्धत १९८८ साली सुरू झाली. अंक फक्त प्लास्टिकचा प्रकार सांगतो. त्रिकोण दिसला म्हणजे त्याचं पुनर्चक्रीकरण होईलच असं नाही. पाण्याच्या बाटल्यांचा १ आणि शाम्पूच्या जाड बाटल्यांचा २ हे सहसा घेतले जातात. ६ म्हणजे थर्माकोलच्या जातीचं, ते क्वचितच. तुमच्या भागात काय गोळा होतं हे विचारून फ्रिजवर यादी लावा. मुलं अंक शोधण्यात पटाईत होतात आणि मग दुकानात उभ्या उभ्या डबा उलटा करून बघतात.

अॅल्युमिनियमचा डबा मात्र कधीही फेकू नका. खनिजापासून नवं अॅल्युमिनियम बनवण्यापेक्षा जुनं वितळवून वापरलं तर सुमारे ९५ टक्के ऊर्जा वाचते. काच कितीही वेळा वितळवता येते. कागदाचे तंतू पाच-सात फेऱ्यांत आखूड होऊन जातात, म्हणून पाठकोऱ्या कागदाची दुसरी बाजू वापरणं केव्हाही चांगलं. देताना सगळं कोरडं आणि विसळलेलं द्या.

कापडी पिशव्यांबद्दल थोडं अप्रिय बोलायला हवं. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेच्या २०११ मधल्या अभ्यासात, तापमानवाढीच्या हिशेबात सुती पिशवी एकदाच वापरलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीच्या बरोबरीला यायला १३१ वेळा वापरावी लागते असं निघालं. प्लास्टिक नाल्यात तुंबतं, जनावरांच्या पोटात जातं, हे नुकसान वेगळंच आणि ते खरंच आहे. पण प्रत्येक कार्यक्रमात फुकट मिळणाऱ्या सुती पिशव्या घरी आणून रचत राहण्यात काही पर्यावरण नाही. चार पिशव्या, त्या फाटेपर्यंत. मुलांनी जुन्या चादरीच्या शिवलेल्या असतील तर फारच उत्तम, कारण त्यांना नवा कापूस लागलेला नाही.

कपड्यांचंही तेच. सगळ्यांत कमी भार टाकणारा कपडा म्हणजे कपाटात आधीच असलेला. मोठ्या भावंडाचे कपडे धाकट्यानं घालणं याला कुणी मागासलेपण म्हणू नये. बटण लावणं, उसवलेली शिवण घालणं आठ-नऊ वर्षांच्या मुलीला, आणि मुलालाही, शिकवता येतं. खेळणी आणि पुस्तकं मित्रमंडळींत अदलाबदलीनं फिरवा. चमकी, म्हणजे ग्लिटर, हा बहुतेक वेळा बारीक प्लास्टिकच असतो. ती शाळेच्या प्रकल्पात नको.

बॅटऱ्या, जुने फोन, वायरी यांना वेगळा डबा. लिथियमची बॅटरी कचऱ्याच्या गाडीत चेंगरली तर पेट घेते. घड्याळातली बटणासारखी बॅटरी लहान मुलानं गिळली तर अन्ननलिका जाळते, म्हणून हा डबा उंचावर आणि बंद. असं झाल्याची नुसती शंका आली तरी थांबायचं नाही, तडक दवाखान्यात जायचं. २०२२ मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा तयार झाला आणि त्यातला जेमतेम २२ टक्के रीतसर गोळा झाल्याची नोंद आहे. बाकीचा बराचसा ड्रॉवरमध्ये किंवा ढिगाऱ्यात आहे. ड्रॉवर रिकामा करायला एक दिवस ठरवा.

जवळचा प्रवास

मुलांना कोडं घाला: एक लिटर पेट्रोल पाऊण किलोच्या आसपास भरतं, पण जळल्यावर त्यातून सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. जास्तीचं वजन कुठून आलं? हवेतल्या ऑक्सिजनमधून. पेट्रोलमधला कार्बन त्याच्याशी जोडला जातो. हे उलगडलं की टाकीत भरलेलं पुन्हा हवेत जातं हे वेगळं सांगावं लागत नाही.

चालत जाण्यासारखी अंतरं चालत जा. शाळेला जाणारी शेजारची मुलं एकत्र करून आळीपाळीनं एका पालकानं सोबत जावं. गाडी काढावीच लागली तर शाळेच्या फाटकाबाहेर वाट बघताना इंजिन बंद ठेवा. तो धूर बरोबर मुलांच्या नाकाच्या उंचीवर असतो.

झाडं, किडे, पाखरं

रोप लावणं सोपं, जगवणं अवघड. म्हणून दहा लावण्यापेक्षा एकच लावा आणि निदान पहिली दोन-तीन वर्षं त्याला पाणी घाला. आपल्या परिसरात मूळचं उगवणारं झाड निवडा. तिथले किडे आणि पक्षी त्यालाच सरावलेले असतात. मुलाला रोपाची उंची दर महिन्याला वहीत लिहायला सांगा.

जमीन नसली तरी खिडकीतल्या कुंडीत फुलं येऊ द्या. जगातल्या प्रमुख अन्नपिकांपैकी सुमारे तीन चतुर्थांश पिकं कमी-अधिक प्रमाणात मधमाश्या, फुलपाखरं, वटवाघळं अशा परागवाहकांवर अवलंबून आहेत. कुंडीवर कीटकनाशक फवारलं तर तीही मरतात. मावा दिसला तर साध्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं धुवून काढा. पाखरांसाठी पाणी ठेवायचं तर पसरट, दोन-तीन बोटं खोल भांडं घ्या, मधे एक दगड ठेवा म्हणजे किड्यांनाही टेकता येईल, आणि पाणी रोज किंवा एक दिवसाआड बदला. डासाची अंडी ते उडता डास हा प्रवास उष्ण हवेत आठवड्याभरातच होतो.

वाळलेली पानं जाळू नका. वर सांगितलेल्या पिंपाला तीच तर हवी आहेत. प्लास्टिक तर कधीच जाळायचं नाही.

परिसर स्वच्छता करायला मुलांना नेत असाल तर जाड हातमोजे, बंद बूट आणि एक नियम: काच, सुई, औषधाची बाटली दिसली तर हात न लावता मोठ्यांना हाक मारायची. गोळा केलेला कचरा प्रकारांनी वेगळा करून मोजा. सर्वांत जास्त काय सापडलं, हे पोतं किती भरलं यापेक्षा उपयोगी आहे. पुढे कुणाशी बोलायचं ते त्यातून कळतं.

मुलांशी बोलताना

लहान मुलांना हिमनग वितळल्याच्या आणि प्राणी नष्ट होण्याच्या कहाण्या ऐकवून कामाला लावू नका. आठ वर्षांचं मूल ध्रुवावरच्या बर्फाचं काही करू शकत नाही. त्याला नुसती भीती राहते. त्याच्या हाताला लागेल तेवढंच जग त्याच्यापुढे ठेवा: हा नळ, हे पिंप, हे झाड. वय वाढेल तसे मोठे प्रश्न येतातच, तेव्हा खरं उत्तर द्या आणि सोबत सुधारणेची खरी उदाहरणंही द्या. अंटार्क्टिकावरचं ओझोनचं छिद्र १९८५ साली जाहीर झालं, १९८७ मध्ये ओझोन विरळ करणारे वायू थांबवण्यासाठी माँट्रियल करार झाला, पुढे जगातल्या सगळ्या देशांनी तो स्वीकारला, आणि घातक वायूंचं उत्पादन जवळजवळ थांबलं. हे असंच चालू राहिलं तर साधारण २०६६ पर्यंत तिथला ओझोन १९८० च्या पातळीवर येईल असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. म्हणजे आजची शाळकरी मुलं पन्नाशीत असतील तेव्हा.

घरात पोलीस तयार होऊ देऊ नका. आजीनं नळ जरा जास्त सोडला म्हणून नातवानं सगळ्यांसमोर तिला सुनावणं हे पर्यावरणप्रेम नव्हे, आगाऊपणा आहे. आजीलाच विचारावं, तुमच्याकडे वस्तू कशा दुरुस्त व्हायच्या. बहुधा अर्धा लेख तिला आधीच येत असतो. आणि पैशाचं बक्षीस लावू नका. बक्षीस थांबलं की काम थांबतं. वाचलेल्या बिलातून सगळ्यांनी मिळून काहीतरी करायचं ठरवलं तर चालेल.

घराची वही दोन-तीन महिने चालली की तीच पद्धत बाहेर न्या. शाळेतले गळके नळ, रिकाम्या वर्गात फिरणारे पंखे, डब्यांतलं फेकलेलं अन्न. मुलांनी दहा मिनिटांचं माप घ्यावं, गुणाकार करावा आणि मुख्याध्यापकांना पत्र लिहावं. पत्रात भाषण नको. कुठला नळ, कुठल्या मजल्यावर, दिवसाला किती लिटर, काय बदलावं लागेल आणि मुलं त्यात काय मदत करू शकतील, एवढंच एका पानात. खाली तारीख आणि सगळ्यांच्या सह्या. पंधरा दिवसांत काही हाललं नाही तर पहिल्या पत्राची तारीख देऊन दुसरं पत्र पाठवायचं, आणि तोवर वाहून गेलेल्या लिटरांची बेरीज त्याला जोडायची.